रीफवरचे मोठे मासे मोजायचे कसे? नव्या डायव्हरसाठी

पाण्याखाली मासे मोजायची सगळ्यात रुळलेली पद्धत म्हणजे बेल्ट ट्रान्सेक्ट. ५० मीटरची टेप रीफवर, म्हणजे प्रवाळाच्या खडकावर अंथरायची, तिच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर धरायचे आणि त्या पट्ट्यात जे दिसेल ते पाटीवर लिहीत पुढे सरकायचं. व्हर्नन ब्रॉक यांनी १९५४ मध्ये हवाईतल्या रीफवरच्या माशांसाठी ही पद्धत मांडली. आज जगभर शिकवली जाते ती थोड्याफार फरकाने तीच. पोपट मासे, फुलपाखरू मासे, सर्जन मासे यांच्यासाठी ती उत्तम आहे. मोठे गोबरे (ग्रूपर), नेपोलियन रास किंवा मुशी मोजायला मात्र ती चालत नाही. का, ते साध्या गणितातून कळतं.

५० गुणिले ५ म्हणजे २५० चौरस मीटर, हेक्टरचा चाळिसावा भाग. समजा एखाद्या रीफवर हेक्टरी ५ मोठे गोबरे आहेत. मग एका ट्रान्सेक्टच्या वाट्याला सरासरी ०.१२५ गोबरा येतो. म्हणजे आठ ट्रान्सेक्ट केले तर कुठे एक मासा. सात पाट्यांवर शून्य, आठवीवर एक. पुढच्या वर्षी योगायोगाने दोन दिसले की अहवालात लिहायला मोकळे: 'गोबऱ्यांची संख्या दुप्पट झाली!' अशा दुपटीला काही अर्थ नसतो.

म्हणून मोठ्या माशांसाठी पट्टा मोठा घ्यावा लागतो. ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २००३ च्या सुमारास यासाठी सुचवलेला पट्टा ४०० मीटर लांब आणि २० मीटर रुंद आहे. क्षेत्रफळ ८,००० चौरस मीटर, म्हणजे नेहमीच्या ट्रान्सेक्टच्या ३२ पट. त्याच रीफवर आता एका डाइव्हमध्ये सरासरी चार गोबरे मिळतील. या आकड्यावर बोलता येतं. खाली सांगतोय ती हीच लांब पोहण्याची पद्धत, कारण बोट, दोन डायव्हर आणि एक साधा जीपीएस एवढ्यावर ती जमते. उदाहरणं बहुतेक लक्षद्वीपची आहेत. तिथलं पाणी या कामाला पुरेसं स्वच्छ असतं. शिवाय तिथली मासेमारी अनेक दशकं मुख्यतः गळाने ट्यूना पकडण्याची होती, त्यामुळे रीफवरच्या मोठ्या माशांवर इतर ठिकाणांइतका ताण पडला नाही. आता रीफवरची मासेमारीही वाढते आहे, म्हणून मोजणी आत्ताच सुरू व्हायला हवी.

आधी पोहणं, मग मोजणं

कोर्सचं कार्ड हातात पडलं म्हणून लगेच पाटी घेऊन उतरू नका. पाटीवर लिहिताना नजर खाली जाते, श्वासाची लय मोडते आणि नवखा डायव्हर नकळत दोन मीटर वर तरी येतो किंवा प्रवाळावर तरी बसतो. बॉयन्सी, म्हणजे न बुडता, न वर येता तरंगत राहणं, इतकी अंगवळणी पडलेली हवी की लिहिताना तिचा विचारच करावा लागू नये. तारकर्लीला किंवा गोव्यात शिकलेल्यांची इथे एक जमेची बाजू असते. गढूळ पाण्यात शिकल्यामुळे त्यांना काहीही दिसत नसताना खोली सांभाळायची सवय असते.

स्वतःला तपासायची सोपी रीत आहे. १० मीटर खोलीवर, तळापासून दीड-दोन मीटर वर, एका जागी तरंगत पाटीवर एक ते पन्नास आकडे लिहून काढा. संपल्यावर मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरवर खोली बघा. अर्ध्या मीटरपेक्षा जास्त हलला असाल तर अजून सराव हवा.

मालवणच्या पाण्यात ही पद्धत जशीच्या तशी चालणार नाही. २० मीटरचा पट्टा धरायचा तर दोन्ही बाजूंना १० मीटर स्पष्ट दिसलं पाहिजे, आणि खात्रीसाठी दृश्यता किमान १५ मीटर हवी. मालवणला चांगल्या दिवशीही ते दुर्मीळच. तिथे पट्टा अरुंद ठेवा आणि जितका ठेवलात तितकाच दरवर्षी ठेवा. शिवाय जिथे पर्यटकांना मासे दाखवायला पाव-बिस्किटं टाकतात, ती जागा मोजणीतून सरळ वगळा. तिथले मासे डायव्हरला बघून पळत नाहीत, उलट धावत येतात.

काय मोजायचं याची यादी लहान ठेवा

पहिल्या हंगामात १२ ते १५ जातींच्या पुढे जाऊ नका. नवखे लोक ओळख पुस्तिका पाठ करून येतात आणि मग पाण्यात प्रत्येक माशाचं नाव आठवण्यात वेळ घालवतात. तेवढ्यात समोरून मुशी निघून जाते.

आकाराची किमान मर्यादा आधीच ठरवा. अमेरिकेच्या नोआ या सरकारी सागर व हवामान संस्थेने पॅसिफिकमध्ये बोटीमागे दोरीने ओढल्या जाणाऱ्या डायव्हरकडून जी पाहणी केली, तिथे फक्त ५० सेंटिमीटर आणि त्याहून मोठे मासे मोजतात. तुम्ही ४० घ्या किंवा ५० घ्या, पण एकदा घेतलेली मर्यादा बदलू नका. 'हा ४८ चा आहे, पण देखणा आहे, लिहून टाकू' असं करायचं नाही.

लक्षद्वीपसाठी माझी यादी साधारण अशी असते: नेपोलियन रास, मोठे गोबरे, दोन ठिपक्यांची तांबोशी, जायंट ट्रेव्हली, मोठे पोपट मासे, बॅराकुडा, व्हाइटटिप, ब्लॅकटिप आणि ग्रे रीफ या तीन मुशी, आणि पाखटं. कासवं वेगळ्या रकान्यात. अगत्ती, कदमत भागात हिरवी कासवं इतकी आहेत की समुद्री गवताची कुरणं त्यांनी फस्त केली. ती मोजायचा मोह होतोच, पण माशांच्या रकान्यात मिसळू नका.

ओळखताना रंगावर भरवसा ठेवू नका. खोलीवर लाल रंग नाहीसा होतो, आणि गोबरे तर क्षणात फिके-गडद होतात. शेपटीचा आकार बघा. प्लेक्ट्रोपोमस ॲरिओलेटस या चौकोनी शेपटीच्या गोबऱ्याच्या अंगावर गडद किनारीचे निळे गोल ठिपके असतात आणि शेपटी सरळ कापल्यासारखी असते. व्हेरिओला लाउटी या गोबऱ्याची शेपटी चंद्रकोरीसारखी, मागची कड पिवळी. दोन्ही ठिपकेदार आणि दोन्ही लालसर, त्यामुळे लांबून एकमेकांसारखे वाटतात. शेपटी बघितली की गोंधळ राहत नाही.

नेपोलियन रास एकदा पाहिला की विसरत नाही. मोठ्या नराच्या कपाळावर टेंगूळ, जाड ओठ, डोळ्यातून निघालेल्या दोन काळ्या रेघा. लांबी दोन मीटरच्याही पुढे जाऊ शकते. लहान माशाला टेंगूळ नसतं, तेव्हा डोळ्याच्या रेघाच कामी येतात. हा मासा आयुष्याची सुरुवात मादी म्हणून करतो, आणि मोठेपणी त्यातल्या काही नर होतात. बरेचसे गोबरे आणि पोपट मासेही तसेच. त्यामुळे तुमच्या पाटीवरची लांबी थेट लिंगाच्या प्रश्नाशी जोडलेली असते. मासेमारीत मोठे मासे निवडून काढले की आधी नर संपतात. नुसती संख्या लिहिलीत आणि लांबी सोडलीत तर हे कधीच कळणार नाही.

नेपोलियन रास २००४ पासून साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. जायंट ग्रूपर, म्हणजे आपला महाकाय गोबरा, भारतात २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. पाहायला आणि मोजायला हरकत नाही, पण हात लावणं, खूण करणं किंवा नमुना घेणं यासाठी वेगळी परवानगी लागते. लक्षद्वीपला जायलाच प्रवेश परवाना लागतो. संशोधन म्हणून काम करणार असाल तर तिथल्या पर्यावरण व वन विभागाशी बरेच महिने आधी पत्रव्यवहार सुरू करा.

लांबीचा अंदाज: हंगामाचा निम्मा वेळ इथे घाला

मुखवट्याच्या काचेतून पाण्यात सगळं साधारण एक चतुर्थांश जवळ आणि एक तृतीयांश मोठं दिसतं. हे प्रत्येक डायव्हरने परीक्षेत लिहिलेलं असतं आणि पाण्यात उतरल्यावर विसरलेलं असतं.

लांबीतली चूक लांबीपुरती राहत नाही. माशाचं वजन साधारणपणे लांबीच्या घनाप्रमाणे वाढतं. लांबीत १० टक्के जास्त धरलंत की वजनात ३३ टक्के जास्त येतं. २० टक्के धरलंत तर ७३ टक्के. आणि पाण्याने दाखवलेली लांबी जशीच्या तशी लिहिलीत, म्हणजे ६० चा मासा ८० चा धरलात, तर वजन जवळजवळ २.४ पट होतं. एका माशात ही चूक खपून जाईल, पण सगळ्या रीफवर मिळून ती अशी फुगते की जीवभाराचा, म्हणजे सगळ्या माशांच्या एकूण वजनाचा आकडा फेकून द्यावा लागतो.

उपाय कंटाळवाणा आहे, पण खात्रीचा. हार्डवेअरच्या दुकानातून पीव्हीसीचा पाइप आणा. २० ते १२० सेंटिमीटरपर्यंत वेगवेगळ्या लांबीचे वीस-पंचवीस तुकडे कापा आणि प्रत्येकावर फक्त क्रमांक घाला. खरी लांबी वेगळ्या वहीत लिहून ती वही बोटीवर ठेवा. तुकडे दोरीला बांधून पाण्यात वेगवेगळ्या अंतरांवर सोडा. डायव्हर ३ ते १० मीटरवरून बघत क्रमांक आणि अंदाज लिहील. वर आल्यावर दोन्ही रकाने शेजारी ठेवा.

आता चूक कसली आहे ते पाहा. अंदाज कधी जास्त, कधी कमी असे इकडे-तिकडे विखुरले असतील तर सराव कमी पडतोय. सगळे एकाच बाजूला, समजा सातत्याने १५ टक्के जास्त असतील, तर ती चांगली बातमी. ती तुमच्या डोळ्याची सवय आहे, आणि ती सुधारता येते. दहा-बारा फेऱ्यांत बहुतेक लोक ५ ते १० टक्क्यांच्या आत येतात. पण महिनाभर पाण्याबाहेर राहिलात की डोळा पुन्हा बिघडतो. म्हणून हंगाम सुरू होताना पाइप पुन्हा काढायचे, जुन्या जाणत्या डायव्हरनेही.

पाण्यात सोबत असलेली मापंही वापरा. पाटीच्या कडेवर सेंटिमीटरच्या खुणा करून ठेवा. स्वतःच्या फिनची लांबी आणि कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतची लांबी पाठ असू द्या. मासा एखाद्या खडकाजवळून गेला की तो गेल्यावर खडकाजवळ जाऊन हाताने माप घ्या. मुशीसाठी हा मार्ग सगळ्यात भरवशाचा. कॅमेरा असेल तर त्यावर १० सेंटिमीटर अंतराने दोन समांतर लेसर बसवता येतात. फोटोत माशाच्या अंगावर दोन ठिपके येतात आणि लांबी निवांत घरी बसून काढता येते.

एकूण लांबी लिहायची की शेपटीच्या खाचेपर्यंतची, हेही गटाने आधी ठरवा. ट्रेव्हलीसारख्या दुभंगलेल्या शेपटीच्या माशात हा फरक बराच पडतो.

दोघांची कामं

पहिला डायव्हर मोजतो, दुसरा त्याच्या मागे तीन-चार मीटरवर राहतो. दुसऱ्याकडे पृष्ठभागावरच्या तरंगत्या बोयाची दोरी असते, आणि त्या बोयावर जलरोधक पिशवीत जीपीएस. शक्य असेल तर प्रवाळाची अवस्था, खोली आणि दृश्यता तोच लिहितो. पहिल्याने यापैकी कशातही लक्ष घालायचं नाही.

टेप वापरणार असाल तर ती मोजणाऱ्याच्या मागून उलगडत जा. आधी अंथरून मग परत येऊन मोजायला सुरुवात केलीत तर मोठे मासे तोवर पांगलेले असतात. ४०० मीटरसाठी मात्र टेपपेक्षा जीपीएस कितीतरी सोयीचा.

बोयाची दोरी जास्त ढिली सोडू नका. १२ मीटर खोलीवर ३० मीटर दोरी सोडलीत तर बोया वाऱ्याने कुठल्या कुठे जाईल आणि नोंदलेला मार्ग तुमचा नसेलच. बोया शक्यतो डोक्यावर हवा.

पाण्याबाहेरचा एक छोटा घोळ पुढे फार त्रास देतो, तो म्हणजे घड्याळं. जीपीएसच्या फाइलमध्ये वेळ बहुतेकदा जागतिक प्रमाणवेळेत असते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. डाइव्ह कॉम्प्युटर भारतीय वेळेवर. कॅमेरा कोणत्या वेळेवर, हे कॅमेऱ्याच्या मालकालाही ठाऊक नसतं. रोज सकाळी बोटीवर जीपीएसच्या पडद्याचा कॅमेऱ्याने फोटो काढा, आणि त्याच फोटोत मनगटावरचा कॉम्प्युटरही येऊ द्या. एका फोटोत तिन्ही घड्याळांचा हिशेब मिटतो.

पट्ट्यातले नियम

बोट जागेपासून थोडी लांब थांबवा, इंजिन बंद करा. खाली उतरल्यावर तीन-चार मिनिटं शांत राहा. मग सुरुवातीची वेळ लिहा आणि निघा. वेग सारखा ठेवा. ४०० मीटरला साधारण २० मिनिटं लागतात, म्हणजे मिनिटाला २० मीटर. लहान माशांच्या मोजणीपेक्षा हा वेग जास्त आहे, आणि तो मुद्दाम तसा ठेवला आहे.

हे 'मुद्दाम' का? तुम्ही रीफचा फोटो काढत नसता. वीस मिनिटं पट्ट्यातून जे जे आरपार गेलं ते सगळं मोजत असता. गोबरा बसलेला असतो, त्याचं ठीक. मुशी आणि ट्रेव्हली तुमच्यापेक्षा वेगाने फिरतात. तुम्ही जितके रेंगाळाल तितक्या जास्त मुशी बाहेरून पट्ट्यात येतील, आणि त्या सगळ्या तिथल्याच रहिवासी म्हणून नोंदल्या जातील. कॅनडातल्या संशोधकांनी २०१० मध्ये संगणकावर कृत्रिम मासे आणि कृत्रिम डायव्हर सोडून हे तपासलं. मासा डायव्हरपेक्षा वेगवान असला की त्याची घनता फुगून येते, असं त्यातून दिसलं. हवाईच्या वायव्य बेटांवर शिकारी माशांचा वाटा एकूण जीवभाराच्या ५४ टक्के आणि वस्तीच्या मुख्य बेटांवर ३ टक्के, असे आकडे २००२ मध्ये प्रसिद्ध झाले होते. मोजणीच्या पद्धतीबद्दलचा हा इशारा नंतर अशा सगळ्याच आकड्यांना लागू झाला. माणसाच्या वस्तीजवळ शिकारी मासे कमी असतात हे खरंच आहे. पण किती कमी, ते तुम्ही कसे पोहलात त्यावरही अवलंबून असतं.

त्यामुळे पट्ट्यात हे नियम कडक पाळायचे:

मागून येऊन तुम्हाला ओलांडून गेलेला मासा मोजायचा नाही. फक्त समोरचा.

१० मीटरची रेघ मनात घट्ट धरायची. अकराव्या मीटरवर दीड मीटरचा नेपोलियन असला तरी तो बाहेर. रेघ डोळ्यात बसावी म्हणून दिवसाच्या पहिल्या डाइव्हच्या आधी १० मीटर टेप पसरून टोकाकडे एकदा बघून घ्या.

माशाचा पाठलाग करायचा नाही. जात ओळखता आली नाही तर 'गोबरा, अनोळखी, ५०' एवढं लिहा आणि पुढे व्हा.

बडीने, म्हणजे जोडीदार डायव्हरने दाखवलेला मासा मोजायचा नाही. नव्या लोकांना हा नियम सगळ्यात जड जातो. बडी हात हलवतोय, बोट दाखवतोय, आणि तिथे खरंच एक भला मोठा गोबरा फटीत बसलाय. पण तुमची मोजणी एका माणसाच्या नजरेची आहे. आज दोघांनी शोधलं आणि पुढच्या वर्षी बडी गप्प बसला, तर गोबरे कमी झाले असं निघेल.

मागे लागलेल्या माशाची एकदाच नोंद. ग्रे रीफ मुशी आणि ट्रेव्हली कुतूहलाने घिरट्या घालतात. फाटलेला कल्ला, पांढरा व्रण, गळ अडकलेला जबडा अशा खुणा पाटीच्या कोपऱ्यात टिपा, म्हणजे तीच मुशी तीनदा लिहिली जाणार नाही.

थवा आला तर आधी संख्या, मग लांबी. दहांचा एक गठ्ठा डोळ्यांनी मोजायचा आणि तसे किती गठ्ठे ते बघायचं. लांबी थव्यातल्या सर्वसाधारण माशाची लिहा, जोडीला सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या माशाची.

पाटीवरची ओळ शक्य तितकी तोकडी ठेवा. 'गोचौ ६० २' म्हणजे चौकोनी शेपटीचे गोबरे, ६० सेंटिमीटरचे, दोन. गटातल्या सगळ्यांची संक्षेप-चिन्हं एकच हवीत. आणि दर पाच मिनिटांनी आडवी रेघ मारून वेळ लिहा. पुढे मार्गाचे तुकडे पाडायला या रेघा उपयोगी पडतात, आणि शेवटची दहा मिनिटं हवा कमी म्हणून घाईत गेली असतील तर तेही त्यात दिसतं.

सकाळी ९ ते दुपारी ३ हीच वेळ. पहाटे आणि तिन्हीसांजेला रीफवर पाळी बदलते. दिवसाचे मासे फटीत शिरतात, रात्रीचे बाहेर पडतात, शिकारी सरसावतात. बघायला तीच वेळ सगळ्यात रंगतदार, पण मोजणीसाठी नको.

मासे घाबरतात, किंवा घाबरत नाहीत

जिथे भाल्याने किंवा बंदुकीने मासे मारतात तिथे मोठा गोबरा डायव्हरला लांबूनच ओळखतो आणि १० मीटरच्या आत येतच नाही. जिथे मासेमारी बंद आहे तिथे तोच गोबरा मुखवट्यात डोकावतो. मग संरक्षित जागी जास्त मासे दिसले ते खरंच जास्त आहेत, की फक्त धीट आहेत? पूर्ण उत्तर कोणत्याच पद्धतीत नाही. पण प्रत्येक जागी पहिल्या काही माशांसाठी ते किती अंतरावर वळून पळाले हे लिहून ठेवलंत, तर तुलना करताना हाताशी काहीतरी असतं. हे अंतर दोन जागी खूप वेगळं असेल तर त्यांच्या घनतेची तुलना जपून करा, नाहीतर करूच नका. त्याच जागेची गेल्या वर्षाशी तुलना जास्त विश्वासार्ह.

जागा निवडताना

लक्षद्वीपच्या बहुतेक प्रवाळद्वीपांत बेट पूर्वेला आणि लगून पश्चिमेला असतं. बाहेरचा पश्चिम उतार पावसाळ्याच्या लाटा अंगावर घेतो, पूर्व उतार त्या मानाने आडोशाला. या दोन बाजूंवरचे प्रवाळ आणि मासे वेगळे असतात, म्हणून दोन्ही बाजू वेगळ्या नोंदवा आणि कधीही एकत्र सरासरी काढू नका. लगूनच्या तोंडाशी मोठे मासे जास्त दिसतात. सगळे पट्टे तिथेच टाकलेत तर बेटाच्या नावावर खोटी श्रीमंती चढते.

आवडीची डाइव्ह साइट निवडायची नाही. पर्यटकांना तिथे नेतात तेच मुळी मासे जास्त म्हणून. नकाशावर बाहेरच्या उताराचे ५०० मीटरचे तुकडे पाडा, चिठ्ठ्या टाका, निघतील त्यांत उतरा. एका बेटाला प्रत्येक बाजूने किमान सहा पट्टे हवेत, जमले तर जास्त. तुकडे कंटाळवाणे निघतील, अर्ध्या ठिकाणी नुसते मोडके प्रवाळ असतील. १९९८, २०१० आणि २०१६ च्या उष्ण लाटांनी लक्षद्वीपच्या प्रवाळाला चांगलंच झोडपलं आहे. पण तोही रीफचाच भाग. त्या तुकड्यांवरचं शून्य इतर कुठल्याही आकड्याइतकंच नीट लिहा. रिकामी पाटी वहीत न चढवणं ही या कामातली सगळ्यात सामान्य गफलत आहे. ती कोणी लबाडीने करत नाही. 'आज काहीच नव्हतं' म्हणून फाइल उघडलीच जात नाही, आणि वर्षअखेरीस सरासरी आपोआप वर सरकते.

अंड्यांसाठी जमणारे गोबरे: वेगळा खेळ

काही गोबरे वर्षभर विखुरलेले राहतात आणि ठराविक चंद्रतिथीला ठराविक जागी अंडी घालायला एकत्र येतात. लक्षद्वीपच्या बित्रा बेटावर चौकोनी शेपटीच्या गोबऱ्यांचा असा मेळा अमावस्येच्या सुमारास भरतो. नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनच्या रुचा करकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर २०१७ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. दाटी विलक्षण असल्याने तिथे नर-मादीच्या जोड्यांबरोबरच माद्यांच्या थव्यापुढे प्रियाराधन करणारे नरही त्यांना आढळले.

अशा जागी ४०० मीटरचा पट्टा उपयोगाचा नाही. मेळ्याचं क्षेत्र जीपीएसने आखून घ्यावं लागतं आणि ओळीने तीन-चार दिवस रोज मोजावं लागतं, कारण आज शेकडो मासे असतील आणि परवा एकही नसेल. एका दिवसाच्या मोजणीवरून काही म्हणता येत नाही. खूप मोठ्या मेळ्यांसाठी खुणा करून पुन्हा मोजण्याची रीत आहे. समजा १०० माशांना रंगीत खूण लावली आणि पुढच्या दिवशी पाहिलेल्या ५०० पैकी २० ना ती होती. म्हणजे दर पंचविसात एक, आणि मेळा साधारण २,५०० चा. केमन बेटांवर नॅसाऊ गोबऱ्यांचा हिशेब याच तत्त्वावर, जोडीला व्हिडिओ घेऊन ठेवतात. लिटल केमनच्या पश्चिम टोकाचा मेळा २००१ मध्ये मासेमारांच्या हाती लागला आणि दोन हंगामांत जवळपास ४,००० मासे गेले. २००३ मध्ये तिथे बंदी आली. त्यानंतरच्या साधारण पंधरा वर्षांत तिथली संख्या तिपटीहून जास्त झाली, आणि हे सांगता आलं ते कोणीतरी दरवर्षी त्याच तिथीला पाण्यात उतरत होतं म्हणूनच.

मेळ्याची जागा कळली तर ती कुठेही टाकू नका. फोटोसोबत ठिकाण नको, डाइव्ह लॉगच्या ॲपमध्ये नको, मित्रांच्या ग्रुपवर तर नकोच. अहवालातही बेटाच्या नावापुढे जाऊ नये. तिथल्या मासेमारांना बहुतेकदा जागा आणि तिथी ठाऊक असतेच. धोका बाहेरून बर्फ आणि मोठी बोट घेऊन येणाऱ्यांचा असतो.

पाण्याबाहेर आल्यावर

पाटी त्याच संध्याकाळी फाइलमध्ये उतरवा. आधी पाटीचा फोटो काढा, मग ती पुसा. उलटं झालं तर दिवस वाया. प्रत्येक माशाच्या गटाला एक ओळ: तारीख, बेट, बाजू, पट्टा क्रमांक, डायव्हर, दृश्यता, खोली, जात, लांबी, संख्या. काहीच न दिसलेल्या पट्ट्यालाही एक ओळ, संख्येच्या जागी ०.

क्षेत्रफळ म्हणजे जीपीएसने मोजलेली लांबी गुणिले २० मीटर. ४०० च्या जागी प्रवाहामुळे ४६० मीटर झाले असतील तर ४६० च धरा. घनता हेक्टरी लिहा, म्हणजे दुसऱ्यांच्या आकड्यांशेजारी ठेवता येते.

वजन काढायचं सूत्र: वजन बरोबर अ गुणिले लांबीचा ब घात. अ आणि ब हे आकडे प्रत्येक जातीसाठी फिशबेस या माशांच्या ऑनलाइन माहितीकोशात मिळतात, ब बहुतेक ३ च्या आसपास असतो. समजा अ ०.०१५ आणि ब ३. मग ६० सेंटिमीटरचा मासा ३,२४० ग्रॅमचा आणि ७० चा ५,१४५ ग्रॅमचा. पाटीवर १० सेंटिमीटर इकडचे तिकडे झाले की जवळजवळ दोन किलोचा फरक पडतो. पीव्हीसीचे पाइप कापून घ्यायला सांगितलं ते याचसाठी. आणि फिशबेसवरचे आकडे एकूण लांबीसाठी आहेत की खाचेपर्यंतच्या लांबीसाठी, ते वाचल्याशिवाय वापरू नका.

दर काही पट्ट्यांनी दोन डायव्हरनी तोच पट्टा शेजारी-शेजारी पोहून स्वतंत्र नोंद करावी, वर येईपर्यंत एकमेकांच्या पाट्या न बघता. एकाला १२ आणि दुसऱ्याला ७ दिसले तर त्याच दिवशी बसून बोला. बऱ्याचदा दोघांची १० मीटरची रेघ वेगळी असते.

हवा आणि विमान

मोजणीच्या नादात हवेचं गेज बघायचं राहतं. पट्टा अर्धा राहिला तरी चालेल, पण टाकीत ५० बार दाब उरला की वर यायचं ठरलं असेल तर तेव्हाच वर. अर्ध्या पट्ट्याची लांबी जीपीएस सांगतोच, तो वाया जात नाही. पट्टे शक्यतो १० ते १५ मीटर खोलीवर ठेवा, त्यामुळे दिवसाला तीन डाइव्ह बसतात आणि डीकम्प्रेशनची मर्यादा दूर राहते. ५ मीटरवर तीन मिनिटांचा थांबा चुकवू नका, तिथे पाटीवरची अपुरी अक्षरंही नीट करून घेता येतात. जवळचा रिकम्प्रेशन चेंबर (डीकम्प्रेशनचा त्रास झाला तर दाबाखाली उपचार करायची खोली) कुठे आहे आणि बेटावरून तिथवर कसं न्यायचं, हे कागदावर लिहून बोटवाल्याकडेही द्या.

बेटावरून निघण्याचा दिवस मोजणीच्या वेळापत्रकात आधीच पक्का करा. अनेक दिवस डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास पाण्याबाहेर राहावं लागतं. अगत्तीहून विमान सकाळचं असेल तर आदला अख्खा दिवस कोरडा ठेवा, आणि तो दिवस फाइल तपासायला, पाइप मोजायला आणि उरलेल्या पाट्या उतरवायला वापरा.